दाराआडची भावसून

बैठकीत ज्योत्स्नाच्या छातीचा निर्णय चालला होता आणि ज्योत्स्ना आत पोहे भिजवत होती.

पोहे जरा जास्तच भिजले, कारण तिचा एक कान बाहेर होता. तिचा धाकटा भाऊ रूपराव सकाळीच हिंगणीहून आला होता आणि आल्या आल्या त्यानं स्टुलावर एक बाटली ठेवली होती. बाटलीत काळपट हिरवं काहीतरी होतं. बोरच्या जंगलातल्या कुण्या जडीबुटीवाल्यानं दिलेलं.

"एक महिना द्या मले, अण्णाजी," रूपराव म्हणत होता. "गाठ अशी बर्फावानी इरघळून जाते म्हणते तो. अन् चाकू लागला का हा आजार पसरते. सारेच म्हणतेत."

"सारे म्हणजे कोण, मामा?" वर्षालीनं विचारलं.

ज्योत्स्नाची ही लेक वर्ध्याला शिकत होती, पिपरी मेघेला खोली करून. दिवाळीत आईला अंगाला तेल लावताना ती गाठ पहिल्यांदा तिच्याच हाताला लागली होती. आईला डॉक्टरीणबाईंकडं तिनंच ओढत नेलं. सुई टोचून तपासणी झाली, रिपोर्ट आला, आणि मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी आईला, बाबांना आणि तिला समोर बसवून सगळं समजावलं. येत्या गुरुवारी ऑपरेशन. कोणतं, ते उद्या सोमवारी फोन करून सांगायचं होतं.

"सारे म्हणजे सारे," रूपराव म्हणाला. "आमच्या गावात इचार कोणालेबी."

"तुमीच घ्या ना मंग आधी एक गिलास, पाव्हणे," दारातून लीलाबाई म्हणाल्या. "तुमच्या पाठीवर चरबीची गाठ हाय ना कधीची? थे इरघळली का मंग हिले देऊ."

रूपरावनं बाटली हळूच स्टुलाच्या पलीकडच्या कडेला सरकवली.

लीलाबाई म्हणजे अण्णाजींची बायको, ज्योत्स्नाची मोठी जाऊ. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधलं ते दार ही त्यांची जागा. घरचं पोस्ट ऑफिसच म्हणा. कारण ज्योत्स्नाच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत ती भासऱ्याशी, म्हणजे अण्णाजींशी, एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं. रीत होती. भासरा बैठकीत आला की भावसून आत. भावसून अंगणात आली की भासरा खाकरून मळ्याकडं. मधलं सगळं दळणवळण लीलाबाईंच्या नाहीतर ज्योत्स्नाच्या नवऱ्याच्या, गजेंद्रच्या तोंडून. एकदा अण्णाजींच्या खुर्चीखाली साप निघाला, तेव्हासुद्धा ज्योत्स्ना दाराआडून म्हणाली होती, "अक्का, सांगा त्यायले, पायाजवळ हाय." लीलाबाई मोरीतून हात पुसत येईपर्यंत साप कंटाळून निघून गेला होता.

पाहुण्यांना याचं हसू येई. घरच्यांना नाही. ज्या घरात पंखा असतो तिथं पंख्याचं कोणी नवल करतं का?

"मी पुन्हा सांगते," वर्षाली म्हणाली. "दोन रस्ते आहेत. एक, फक्त गाठ काढायची आणि भोवतालचा थोडा भाग. मग सहा आठवडे रोज शेक, मशीनचे, रेडिएशन म्हणतात ते. दुसरा, पूर्ण स्तन काढायचा..."

रूपरावनं कॅलेंडरकडं पाहिलं. गजेंद्रनं पंख्याकडं पाहिलं, जो लोडशेडिंगमुळं बंद होता. अण्णाजींनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. त्या बैठकीत तो शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता. तासभर सगळे "डावीकडलं" आणि "थो भाग" यावरच भागवत होते.

"...तर शेक बहुतेक लागणार नाही," वर्षाली न थांबता बोलत होती. "बगलेतल्या गाठी दोन्हीत तपासतात. त्या पाहून सलाईनचं औषध लागेल की नाही ते ठरेल. पण वेळेत सापडलंय, आणि आईच्या गाठीला दोन्हीतला गुण सारखाच, असं डॉक्टरीणबाई चार वेळा बोलल्या. म्हणून तर त्यांनी आईला विचारलं, तुम्हाला काय हवं."

"झालं ना मंग ठरलं," तिचे वडील म्हणाले. "काऊन उकरून राह्यली?"

गजेंद्र कारंज्याच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान चालवायचा. दिवसभर शेतकऱ्यांशी बोलून त्याचा आवाज खणखणीत झाला होता. आज तोच आवाज शाळेत उभं केलेल्या पोरासारखा येत होता. वर्षालीच्या ते ध्यानात आलं. पण कशामुळं, ते कळेना.

अण्णाजी अजून हातांकडंच पाहत होते. अंबिया बहाराची तोड चालू होती. पहाटेपासून ते मळ्यात होते, बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता. ते विचार करत होते मायचा. मायलाही हेच झालं होतं. मायनं सांगितलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. वर्षभर ती पदराखाली ते लपवून भाकरी थापत राहिली. सांगणार कोणाला? मुलांना? असल्या जागेचं दुखणं?

आता ही भावसून. परवा गजेंद्र मळ्यात येऊन सांगून गेला, दादा, ती म्हणते, सारंच काढून टाका, झंझट नको. अण्णाजींना वाटलं, बाई हिमतीची. मग वाटलं, खरंच तिला असं वाटतं का? घाबरून तर म्हणत नाही? पण विचारायचं कसं? आणि विचारायचं काय? भावसुनेला? तेव्हापासून त्यांनी तो प्रश्न सुपारीसारखा गालात धरून ठेवला होता.

शेवटी ते दाराकडं न बघता लीलाबाईंना म्हणाले, "सांग तिले. तिनं ठरवलं थे ठीक हाय. सारं काढा म्हणते तं काढू. घराची, तोडीची काही फिकर करू नको म्हणा. तिच्या मर्जीभायेर कोणी नाई."

दाराआड ज्योत्स्नाच्या हातातला झारा थांबला.

तिनं ठरवलं?

डॉक्टरीणबाईंकडून परत येताना एसटीत ती गजेंद्रला म्हणाली होती, मला नुसती गाठ काढायची आहे. पण मग दीड-दोन महिने वर्ध्याला राहावं लागेल, तोडीचे दिवस, दादांना विचारून पाहा. आणि रात्री जेवताना गजेंद्र म्हणाला होता, दादा म्हणतेत, सारंच काढा, जोखीम नको. ती ताटावरून उठली नव्हती. रडलीही नव्हती. मोठ्यांचा शब्द, म्हणून गप्प राहिली होती.

लीलाबाई वळल्या. "ऐकलं ना वं? म्हणतेत का..."

"ऐकलं," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं गॅस बंद केला. हात पदराला पुसले. डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती लीलाबाईंच्या बाजूनं, उंबऱ्यावरून, सरळ बैठकीत आली.

अण्णाजी उठले. चोवीस वर्षांची सवय. भावसून आली की उठायचं. एक पाय चपलेत गेलाही.

ज्योत्स्नाला हाक मारायची होती आणि तिच्याकडं हाकेसाठी शब्दच नव्हता. जाऊ अक्का, नणंद वन्सं, सासू माय. भासऱ्याला काय म्हणतात, हे तिला माहेरी कोणी शिकवलंच नव्हतं. लागणार कुठं होतं?

"दादा," ती म्हणाली. नवरा म्हणतो तेच. "बसा."

अण्णाजी एका पायात चप्पल घालून उभेच राहिले. लोडशेडिंगमध्ये बंद असलेल्या पंख्याकडं आता सगळेच बघायला लागले.

"मी नाई ठरवलं," ज्योत्स्ना म्हणाली. "मले यायनं सांगतलं, का दादायनं ठरवलं. म्हणून मी चूप होतो."

अण्णाजी बसले. त्यांनी भावाकडं पाहिलं. "गजू?"

गजेंद्र एकदम म्हणाला, "मले भेव वाटलं, दादा! मायचं पाह्यलं ना आपण! थोडंसं राह्यलं तरी... मी म्हटलं, सारंच जाऊ द्या. हिले म्हटलं तुमी म्हणता, तुमाले म्हटलं हे म्हणते. कोण कोणाले इचाराले जाते इथं?"

ते मात्र खरं होतं. त्या घरात कोणी कोणाला विचारायला जात नव्हतं. दोन माणसांमध्ये एक निरोप्या होता आणि निरोप्यानं थैली बदलली होती.

"वा भाऊजी," रूपराव म्हणाला. त्याला बऱ्याच वेळानं बोलायला जागा मिळाली होती. "अन् मी बाटली आणली तं मले हसता!"

"चूप," बहीण आणि लीलाबाई एकदमच म्हणाल्या.

ज्योत्स्ना उभीच होती. आत जायचं की राहायचं हे तिला कळेना. मग तिला वाटलं, आता आलोच आहोत तर पुरतं बोलून घ्यावं.

"दादा, मळ्यात झाडाले डिंक्या लागते तवा तुमी काय करता?"

अण्णाजींनी उत्तर दिलं ते समोरच्या भिंतीला. "खरडतो. सडलेली साल खरडून काढाची, थोडी चांगली बी जाऊ द्याची. मंग बोर्डो मलम लावाचा."

"झाड नाई तोडत?"

"नाई." मग ते थांबले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, भिंतीशीसुद्धा. "बुडाले चारी बाजूनं फिरला असन तं तोडा लागते, बाई."

बाई. हा शब्द भिंतीला नव्हता. ज्योत्स्नाला तो बरोबर जागेवर लागला.

"माहा नाई फिरला. डॉक्टरीणबाई म्हणतेत, एकाच जागी हाय. काठ साफ नाई निघाले तं पुन्हा कापा लागन, थेबी सांगतलं त्यायनं. तवा मी नाई म्हणणार नाई. पण पहिले..." ती थांबली. पुढचं वाक्य तिनं कधी कोणाला म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. "पहिले राखून पाहाचं हाय मले."

"मोठेबाबा, झाड आणि माणूस एक नसतं," वर्षाली मध्येच म्हणाली. शिकलेल्या पोरीला असल्या उपमांची भीती वाटते, आणि ते बरोबरच आहे.

"माहीत हाय मले," अण्णाजी म्हणाले. "झाड सांगत नाई त्याले काय पाह्यजे. हे सांगून राह्यली." आणि मग, या वेळी भिंतीकडं नाही, जमिनीकडंही नाही, ज्योत्स्नाच्या पायांच्या जरा अलीकडं बघत ते म्हणाले, "पण एक. खरडल्यावर मलम चुकवाचा नाई. अर्धे लोक तेच करतेत. झाड बरं दिसलं का मलम इसरतेत. थे शेक रोजचे हायेत ना? एकबी चुकला नाई पाह्यजे."

"नाई चुकवत."

"मी नेतो ना रोज," रूपराव उठलाच. "पिपरी मेघेहून दवाखाना, दवाखान्याहून पिपरी मेघे. आपली जीप हायच. हिंगणीहून येवाले किती येळ लागते?"

"बाटली न आणता येजा," लीलाबाई म्हणाल्या आणि बाटली उचलून मोरीकडं गेल्या.

गजेंद्र मागच्या अंगणात जाऊन बसला होता. संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर. पोहे घेऊन ज्योत्स्नाच गेली.

"नाई पाह्यजे मले," तो म्हणाला.

"खा. भिजले जास्त, पण खा."

त्यानं बशी घेतली. लिंबू पिळलं. कोथिंबीर बाजूला सारली, मग पुन्हा मध्ये आणली. त्याच्या डोळ्यांसमोर शेवटच्या दिवसांतली माय होती आणि तिच्या खाटेपाशी हात बांधून उभा असलेला तो. आपण काही केलं नाही, हे त्याला तेव्हापासून टोचत होतं. या वेळी काहीतरी केलं, तर ते असं झालं.

"गिऱ्हाईकानं एक बियाणं मागतलं," ज्योत्स्ना त्याच्याजवळच्या पेटीवर बसत म्हणाली, "अन् तुमी दुसऱ्याच वाणाची थैली बांधून देल्ली. दुकानात असं करता का हो?"

"दुकानात मले भेव नाई वाटत."

पेटीच्या फळीतून एक खिळा वर आला होता, तो ज्योत्स्ना बोटानं दाबत बसली.

"मलेबी वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. पण माहं भेव मले नेऊ द्या ना. तुमी तुमचं न्या. दोघायची एकच गठडी बांधू नका."

गजेंद्रनं मान हलवली. मग विचारलं, अगदी हळू, "तुले राखाचं काऊन हाय? नाई, म्हणजे, मी नाई म्हणत नाई. तुले नाई इचारलं ना मी, म्हणून इचारतो."

लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या नवऱ्याचा हा बहुधा पहिलाच प्रश्न होता, ज्याचं उत्तर त्याला खरंच माहीत नव्हतं. ज्योत्स्नाला हसू आलं आणि डोळेही भरून आले, एकाच वेळी, म्हणजे दोन्हींचं नुकसान.

"वर्षाली तान्ही होती थे आठवते? उजवीकडं तोंडच लावे ना. डावीकडंच पे, डावीकडंच निजे. अक्का म्हणत, पोरगी लय हट्टी निघन." ती थांबली. "आरशासाठी नाई वं बाई, असं मी सोतालेच सांगत होतो. मंग म्हटलं, आरशासाठी बी हाय. काऊन नसावं? माहं हाय ते. चांगलं हाय. जेवढं सडलं तेवढं घेऊन जा ना."

"चांगलं हाय," गजेंद्र पोह्यांकडं बघत म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. पन्नाशीला आलेल्या माणसाचे कान इतके लाल होतात हे ज्योत्स्नाला माहीत नव्हतं.

सोमवारी दुकानातल्या फोनवरून तिनं स्वतः डॉक्टरीणबाईंना सांगितलं. गजेंद्र बाजूला उभा होता. त्यानं फक्त फोन जोडून दिला आणि एका गिऱ्हाईकाला हातानंच थांबवून ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं विचारलं, रोज यायला जमेल ना, राहायची सोय आहे ना, आणि शेवटी म्हणाल्या, "बरं झालं, तुम्हीच बोललात."

मधले दोन दिवस घरात सगळे जरा जास्तच मऊ वागले. वाट बघणं हे काम फार रिकामं असतं, म्हणून ज्योत्स्नानं दुसरी कामं काढली. मिरच्यांचे देठ खुडले. वर्षालीच्या खोलीवर न्यायला डाळ निवडली. संध्याकाळी ती लीलाबाईंपाशी जाऊन बसे आणि लीलाबाई काही न विचारता तिच्याकडं लसूण सोलायला देत. एवढा लसूण त्या घरात अख्ख्या हिवाळ्यात लागला नसता.

अण्णाजी आणि ती पुन्हा बोलली नव्हती. तसं बोलायला काही नव्हतं, आणि दोघांनाही लाज वाटत होती. फक्त भावसून अंगणात आली की अण्णाजी आता खाकरून मळ्याकडं जात नव्हते. खाकरून तिथंच थांबत होते.

बुधवारी सकाळी भरती व्हायचं होतं. रूपराव जीप घेऊन आला. नवा मोबाईल त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात असा ठेवला होता की तो साऱ्या कारंज्याला दिसावा. वर्षालीनं आईची पिशवी ठेवली, गजेंद्रनं ती काढून दुसऱ्या बाजूला ठेवली, मग पुन्हा पहिल्या बाजूला.

ज्योत्स्ना लीलाबाईंच्या पाया पडली. मग अंगणात भरलेल्या पेट्यांपाशी अण्णाजी उभे होते, तिथं गेली. खाली वाकली. त्यांचा हात उठला, तिच्या डोक्यावरच्या पदराला टेकला न टेकला, आणि परत गेला.

"येतो मी, दादा."

"हो." अण्णाजींनी घसा साफ केला. काहीतरी सांगायचं होतं आणि निघत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. रूपरावनं इंजिन चालू केलेलं बंद केलं. "बाई, एक गोष्ट सांगू का?"

"सांगा ना."

"तुमच्या वरणात मीठ कमी राह्यते."

ज्योत्स्ना बघतच राहिली.

"चोवीस वर्षांपासून," अण्णाजी म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "मी हरवेळी हिले सांगतो. सांग म्हणतो. काही फरकच नाई!"

ज्योत्स्ना लीलाबाईंकडं वळली. लीलाबाई जीपचं मागचं टायर अगदी बारकाईनं न्याहाळत होत्या.

"अक्का, तुमी तं म्हणत होत्या, दादायले तुहं वरण लय आवडते!"

"मी कवा म्हणलो?" अण्णाजी.

"नवी नवरी होती ते," लीलाबाई टायरला म्हणाल्या. "तोंड एवढंसं करून उभी राह्यची दाराआड. कसं सांगू? एकदा खोटं सांगतलं. मंग तेच चालू राह्यलं." आणि अण्णाजींवर फिरल्या. "अन् तुमाले हात नाई का? वरून नाई घेता आलं मीठ?"

सगळ्यात मोठ्यानं हसला तो गजेंद्र. इतक्या दिवसांनी त्याला कळलं होतं, की या घरात बदललेली थैली देणारा तो एकटाच नव्हता. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि पिशवी पुन्हा एकदा जागा बदलून ठेवली.

"आल्यावर टाकतो, दादा," ज्योत्स्ना जीपमध्ये चढत म्हणाली. "तुमीच सांगाचं, किती टाकू थे. सरळ मले."

"सांगीन," अण्णाजी म्हणाले. "येजा."

जीप फाटकातून वळून हायवेकडं लागली. लीलाबाईंनी हात हलवला, मग तोच हात डोळ्यांना लावून त्या आत गेल्या. अण्णाजी सवयीनं खाकरले. पण मळ्याकडं गेले नाहीत. जीपमागची धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभे राहिले.